ओव्हनला सुट्टी

आमच्या घराण्यात लेखणीखेरीज दुसरं हत्यार कुणी हातात धरलं नव्हतं. आजोबा हिशेबनीस म्हणून कलकत्त्याला आले, बाबा खिदिरपूरच्या गोदीत कारकून झाले, आणि मी लोखंडाला लोखंड चिकटवणारा निघालो. ही बातमी पुण्याच्या आत्याकडे पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी तिचं इंजिनिअरिंग झालं. आत्यानं पेढे वाटले. आईनं ती चूक कधीच दुरुस्त केली नाही. पुढे एकदा आत्या आमच्याकडे आली, माझ्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघून म्हणाली, "इंजिनिअरांना फार सोसावं लागतं गं," आणि आईनं गंभीरपणे मान हलवून तिला आणखी एक पुरी वाढली. मी गोष्ट रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, पण हा गुण माझा नाही. तो आईकडून आलाय. फक्त ती न बोलता रंगवायची.

आम्ही बागबाजारात राहायचो. हे सांगितलं की बंगाली माणूस आजही हसतो, कारण मराठ्यांच्या घोडेस्वारांना अडवायला कलकत्तेकरांनी एके काळी जो खंदक खणला तो तिथूनच सुरू व्हायचा. त्या घोडेस्वारांना बंगालात बर्गी म्हणतात आणि न झोपणाऱ्या पोरांना त्यांची भीती घालतात. ज्यांच्यासाठी खंदक खणला त्यांचा एक वंशज खंदकाच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहतोय आणि पोहे खातोय, हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकानं मला एकदा तरी ऐकवला होता. निलू सान्याल तो रोज ऐकवायचा. तो आणि त्याची आई आमच्या खाली, तळमजल्यावर राहत. निलूचे वडील तो लहान असतानाच गेले होते. त्याच्या आईला मी काकीमा म्हणायचो, माझ्या आईला तो माशीमा म्हणायचा, आणि जिन्यातून दोन्ही स्वयंपाकघरांचा वास एकमेकांत मिसळायचा. खालून मोहरीच्या तेलाचा, वरून गोड्या मसाल्याचा. संध्याकाळी काकीमांचा शंख वाजला की आई देवापाशी दिवा लावायची. घड्याळ बिघडलं होतं, ते दुरुस्त करायची कधी गरजच पडली नाही.

निलूचा आवाज मोठा होता आणि अंग काडीचं. आईची साबुदाण्याची खिचडी त्याला अतिशय आवडायची, पण खाताना टोमणा ठरलेला. बंगालात साबुदाणा फक्त आजाऱ्याला देतात, पातळ शिजवून.

"माशीमा, आमच्याकडे मरायला टेकलेल्या माणसाला साबू देतात."

"आमच्याकडे उपासाला खातात."

"म्हणजे तेच. तुम्ही जरा हळूहळू मरता, आणि शेंगदाणे घालून."

"घे अजून," आई म्हणायची. तिचं बंगाली कच्चं होतं, पण एवढं तिला कळायचं.

सत्तरच्या आसपासच्या त्या वर्षांत उत्तर कलकत्त्यात तरुण असणं हाच एक आजार होता. भिंतींवर लाल अक्षरं होती आणि क्रांती आता दाराशी आली आहे असं ती सांगत. कॉलेजातली हुशार मुलं वर्ग सोडून गेली. काहींनी बाँब बनवले, काहींनी नुसत्या घोषणा लिहिल्या, काहींनी नुसतं लिहिणाऱ्यांना चहा पाजला. मारणाऱ्यांनी हा फरक फारसा पाहिला नाही. दुसऱ्या पक्षाची मुलं सुरे घेऊन यायची, पोलीस गाडी घेऊन यायचे, आणि पहाटे कालव्याच्या काठाला कुणीतरी पडलेलं असायचं. निलूनं कॉलेज सोडलं होतं. तो काय करायचा मला पूर्ण माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायचा, "बर्गीला सगळं सांगितलं तर खंदक कशाला खणला?"

आमचं दूध पहाटे नाक्यावरच्या बूथवरून यायचं. आई बाटल्या घेऊन जायची. एके दिवशी ती परतली, दूध तापवलं, साय धरेपर्यंत तशीच उभी राहिली, आणि बाबांना म्हणाली, "आज जो पडला होता त्याचा शर्ट आपल्या मधूच्या शर्टासारखा होता. त्याच दुकानातला. मी जवळ जाईपर्यंत मला कळेना." बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. आई म्हणाली, "ह्याला इथून बाहेर काढा. कुठेही. मला पोस्टाचं तिकीट लावून पाठवता आला तरी चालेल." मग तिनं दूध गाळून चहा केला. त्या घरात मोठ्यानं रडायची पद्धत नव्हती.

बाबांच्या ओळखीनं मार्ग निघाला तो असा. गोदीजवळ जहाजदुरुस्तीची एक वर्कशॉप होती. आसामात तेलाची पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं, आणि त्यासाठी वेल्डर पुरवायचा ठेका ह्या वर्कशॉपला मिळाला होता. साधा वेल्डर तिथं चालत नसे. पाइपलाइनच्या जोडाचे नियम एका जाडजूड अमेरिकन पुस्तकात लिहिलेले होते. त्याला सगळे नुसतं कोड म्हणत. कोडप्रमाणे परीक्षा पास झालेल्यालाच पाइपला हात लावता येई. पास झालं की तुकडीबरोबर आसाम, तंबूत मुक्काम, कलकत्त्यापासून लांब. बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. ते काकीमांना कळलं तेव्हा त्या वर आल्या, पदर खांद्यावर ओढून दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, तिथं दोघांना जागा आहे का?"

सान्यालांच्या मुलानं झाळकाम करायचं, हे गल्लीतल्या भद्र लोकांना बाँबपेक्षा भयंकर वाटलं. निलूला मात्र ते फार आवडलं. त्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलंच होतं की मजुरांत जाऊन मिसळा. म्हणजे काकीमा त्याला क्रांतीपासून लांब पाठवत होत्या आणि तो क्रांतीसाठीच चालला होता. दोघंही खूश होते. मी मधे बसून दोघांचं ऐकायचो आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचो नाही. माझ्या आयुष्यात मी तोंड बंद ठेवल्याचा तो एकमेव काळ.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड होती, वरून ऊन आणि खालून नदीची ओल. आमचे उस्ताद हारानदा. पान तोंडात, काळी काच कपाळावर, एक भुवई कायमची जळून गेलेली, त्यामुळे ते सतत अर्धवट आश्चर्यात असल्यासारखे दिसत. ते डोळ्यांपेक्षा कानांनी शिकवायचे. जोड नीट चालला असेल तर बेगुनी तळल्यासारखा आवाज येतो, म्हणायचे, म्हणजे वांग्याची भजी कढईत सोडल्यावर येतो तसा, एकसारखा. आवाज फाटला की जोड फाटला. दोन पाइपांच्या मधे बारीक फट ठेवून पहिला थर भरायचा, त्याला रूट म्हणतात. तो आतल्या बाजूनंही उमटायला हवा, आणि आत तर बघता येत नाही. तिथं ज्याचा हात थरथरतो त्यानं सरळ घरी जावं. माझा थरथरायचा. निलूचा कधीच नाही. त्या काडीसारख्या पोराच्या मनगटात देवानं काय भरलं होतं कोण जाणे. पहिल्याच महिन्यात हारानदा त्याचा रूट बोटानं चाचपून म्हणाले, "हा बामनाचा पोर मागल्या जन्मी लोहार होता." निलू म्हणाला, "पुढल्या जन्मी पण." त्या दिवसापासून त्याचं भाषण कमी झालं आणि काम वाढलं. दुपारच्या सुट्टीतही तो वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवत नसे. काकीमांना जे हवं होतं तेच होत होतं, फक्त त्याच्या पुढाऱ्यांना अजून ते कळलं नव्हतं. किंवा कळलं असेल.

रॉडविषयी सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रॉड म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी. रूटला एका जातीचे रॉड लागत, वरच्या थरांना दुसऱ्या जातीचे, चुन्याच्या वेष्टनाचे. हे चुन्याचे रॉड म्हणजे सोवळ्यातली माणसं. हवेतला ओलावा शिवला की बाटले. म्हणून ते रात्रंदिवस गरम ओव्हनमध्ये ठेवत आणि लागतील तेवढेच बाहेर काढत. ओलावा प्यायलेला रॉड जळताना वायू सोडतो, वितळलेल्या लोखंडात बुडबुडे अडकून राहतात. जोड वरून कितीही देखणा दिसो, एक्स-रे काढला की ते बुडबुडे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. आमचा ओव्हन काळा, पत्र्याचा, आमच्या देवघराएवढा होता. त्याच्यावर एक लाल दिवा कायम जळत असे. देवघराइतकाच तो आमच्या नजरेत असायचा, म्हणजे रोज दिसायचा आणि कुणी बघायचं नाही.

काचेशिवाय ठिणगीकडे बघितलं की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. आम्हा दोघांना ते एकाच दिवशी झालं. दोघंही आमच्या घरी, जमिनीवर शेजारी शेजारी, डोळ्यांवर बटाट्याचा कीस घेऊन पडलो होतो आणि आई आळीपाळीनं दोघांच्या तोंडात खिचडीचे घास घालत होती. बाहेर मोठा आवाज झाला. खिडकीची काच थरथरली.

"फटाका," आई म्हणाली.

"माशीमा, आज कसली दिवाळी?"

"लग्न असेल कुणाचं. आ कर."

निलूनं तोंड उघडलं. घास खाऊन झाल्यावर तो हळूच मला म्हणाला, "मधू, हल्ली ट्रामच्या थांब्यावर एकजण उभा असतो. पेपर वाचतो. पान उलटत नाही." मला काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहराही दिसला नाही. मी म्हटलं, "वाचायला शिकत असेल." तो हसला. आईनं माझ्या डोळ्यांवरचा कीस बदलला. परीक्षा जवळ आली होती आणि आता आम्हा दोघांना पास व्हायचंच होतं, मला थोडं, त्याला जास्त.

परीक्षा घ्यायला मद्रासकडचे वरदराजन नावाचे इन्स्पेक्टर आले. पांढरे मोजे, डब्यात दहीभात, आणि बोलणं अतिशय सभ्य. पुस्तकाबाहेरचा एक शब्द नाही. पाइप तिरका पक्का बांधलेला असायचा. पाइप हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, खालच्या बाजूला शेवटी जमिनीवर उताणं पडून वरचा जोड भरायचा. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावली होती. मी आठल्ये, म्हणून पहिल्या दिवशी. निलू सान्याल, म्हणून दुसऱ्या. आणि ह्या दोन दिवसांच्या मधे विश्वकर्मा पूजा आली होती.

माझी परीक्षा तुम्हाला रंगवून सांगितली असती, लोकांना मी सांगतोच, पण तिच्यात एकच गोष्ट घडली. उताणा असताना एक ठिणगी माझ्या बुटात पडली. हलावं तर जोड तुटतो. मी हललो नाही. मोजा जळाल्याचा वास मला आला आणि वरदराजनसाहेबांनाही आला असणार, कारण त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे दुसरीकडे. तो डाग अजून घोट्याजवळ आहे. नातवंडांना मी ती गोळीची जखम म्हणून दाखवतो.

मधला दिवस पूजेचा. कलकत्त्यातल्या प्रत्येक कारखान्यात त्या दिवशी यंत्र बंद. हत्ती वाहन असलेली विश्वकर्म्याची मूर्ती शेडच्या मध्यभागी बसवली होती. लेथला शेंदूर, ग्राइंडरला झेंडू, वेल्डिंगच्या यंत्रांना उदबत्ती. मला ते परकं वाटलं नाही. आमच्याकडेही खंडेनवमीला आई विळीला हळदकुंकू लावायची आणि त्या दिवशी भाजी चिरायची नाही. बाहेर आकाश पतंगांनी भरलं होतं, कुठल्यातरी गच्चीवरून "भो-काट्टा" ऐकू येत होतं, खिचुडी शिजत होती. हारानदांनी हात वर करून सगळी बटणं बंद करायला लावली. शेड अशी गप्प झाली की नदीवरचा भोंगा आत आल्यासारखा वाटला. आणि त्या शांततेत निलूला ओव्हनवरचा लाल दिवा दिसला.

"हारानदा, हा का चालू?"

"तो ओव्हन आहे."

"म्हणजे मजूर नाही? रात्रंदिवस उभा असतो बिचारा. पाळी बदलत नाही, बोनस नाही, युनियन नाही." निलू आता भाषणाच्या पवित्र्यात आला होता, हात वर, आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत. "बंधूंनो, यंत्रालाही एक दिवस हवा."

सगळे हसले. हारानदांचं पान तोंडात क्षणभर थांबलं, त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, मग तेही हसले. निलूनं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. ओव्हनचं दार उघडून आत उदबत्ती फिरवली, दाराला झेंडूची माळ अडकवली, आणि पुरोहितानं बाकीच्या यंत्रांवर शिंपडलं तसं गंगेचं पाणी ह्याच्यावरही शिंपडलं. थोडं आत गेलं. नदीकाठची भाद्रपदातली हवा होती. कोरड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं अशी. शेडमधल्या एकालाही काही वाटलं नाही. देवाच्या दिवशी सगळ्यांत मोठा नास्तिक सगळ्यांत श्रद्धेनं वागला म्हणून हारानदांनी त्याला खिचुडी दोनदा वाढली.

हल्ली माझी स्वतःची शेड आहे. विश्वकर्म्याला मी सगळं बंद करतो, ओव्हन नाही. त्याला हार घालतो, दिवा जळता ठेवतो, आणि दिवसभर खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसतो. कामगार म्हणतात आठल्येकाका धर्म मानत नाहीत. मी त्यांना दुसऱ्या शंभर गोष्टी सांगतो, ही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला आला त्यानं ओव्हन चालू केला. परीक्षा सुरू होईपर्यंत रॉड हाताला गरम लागत होते. पण हाताला गरम म्हणजे आतून कोरडे नव्हेत. एकदा पाणी प्यायलेला चुन्याचा रॉड वाळवायला त्या ओव्हनच्या कितीतरी पट आच लागते, ती आमच्याकडे नव्हतीच. निलू बसला. त्याचा रूट मी ऐकला. बेगुनी, अगदी एकसारखी, हारानदा मान डोलवत होते. मग त्यानं चुन्याचे रॉड घेतले आणि आवाज बदलला. ओली भाजी गरम तेलात पडावी तसं तडतडायला लागलं. निलू थांबला. काच वर केली. हातातल्या रॉडकडे पाहिलं, मग ओव्हनकडे, तिथं माळ अजून लटकत होती. मग माझ्याकडे पाहून हसला आणि काच खाली ओढली. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. बाहेरून त्याचा जोड आम्हा सगळ्यांत सुरेख होता.

दोन्ही दिवसांच्या जोडांचे एक्स-रे एकदमच आले. वरदराजनसाहेबांनी फिल्म एकेक करून दिव्याच्या पेटीवर लावल्या. माझी साधी होती, पास. निलूच्या फिल्ममध्ये जोडाचा पांढरा पट्टा आणि त्याच्या मधोमध रूटची आणखी पांढरी, आखल्यासारखी सरळ रेघ. आणि पट्ट्यावर सगळीकडे काळे ठिपके.

"माशीमांची फोडणी," निलू म्हणाला. "मोहरी जरा जास्त पडली."

कुणी हसलं नाही. हारानदा म्हणाले, "साहेब, ओव्हन पूजेला बंद होता. दोष ओव्हनचा आहे, पोराचा नाही. उद्या परत बसवा त्याला, कोरडे रॉड द्या, मी माझी दुसरी भुवई पैजेला लावतो."

"मला दिसतंय," वरदराजनसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. "असा रूट मी फार थोड्यांचा पाहिलाय. पण कोडमध्ये जोड बघायचा असतो, कारण नाही. तो पुन्हा बसू शकतो, पुढच्या तुकडीबरोबर. दुर्गापूजा झाली की मी परत येतोय."

"पूजा झाली की," निलू म्हणाला. "बरंय. आईला यंदाची पूजा बघायला मिळेल माझ्याबरोबर."

त्या संध्याकाळी बाबा वर्कशॉपच्या मालकांकडे गेले आणि रिकाम्या हातानं आले. काकीमा जिन्यात वाट बघत होत्या. बाबांनी काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "थोडेच दिवस आहेत, दादा. मी त्याला बाहेर पाठवणारच नाही." मी आईला म्हणालो की मी पण पुढच्या तुकडीबरोबर जातो, निलूसोबत. आई माझी ट्रंक भरत होती. चकल्यांचा डबा कपड्यांच्या मधे बसवत ती म्हणाली, "तू थांबल्यानं तो सुटणार असता तर मी तुला स्वतः थांबवलं असतं." आणि वर न बघता ट्रंकेचं झाकण लावलं.

स्टेशनवर निलू आला, काकीमांना चुकवून. त्यानं प्लॅटफॉर्मवर सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की इतिहासात प्रथमच बर्गी आपण होऊन कलकत्ता सोडून चालला आहे, तेव्हा नागरिकांनी आनंद साजरा करावा. एका म्हाताऱ्यानं खरंच टाळी वाजवली. गाडी हलल्यावर तो खिडकीबरोबर चालत राहिला. "खाट वरची धर माझ्यासाठी," म्हणाला. "खालून तू घोरलेला ऐकू येणार नाही."

मी वरची खाट धरली. तंबूत तिच्यावर माझी ट्रंक ठेवून दिली, म्हणजे कुणी बसणार नाही. आसामात काम कठीण होतं, जळवा, चिखल, डबक्यातलं पाणी, आणि रोज पाइपाखाली उताणं. पण तिथं पहाटे कुणी पडलेलं नसायचं. महिनाभरात मला झोप लागायला लागली. पुढच्या तुकडीचा ट्रक आला त्या दिवशी मी दुपारपासून रस्त्यावर उभा होतो. एकेक जण उतरला. शेवटी हारानदा उतरले, एवढ्या लांब येण्याचं त्यांचं वय नव्हतं. त्यांच्या हातात निलूची काच होती आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"परीक्षेच्या सकाळी," ते म्हणाले. "घरून निघाला. थांब्यापर्यंत गेला. तिथं गाडी आली."

"कुणाची?"

"कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी कालव्यावर." मग म्हणाले, "तुझे वडील गेले होते त्याच्या आईबरोबर, ओळखायला."

त्यांनी वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. आत निलूची ती फिल्म होती. नापासाच्या फिल्म शिकवायला म्हणून वर्कशॉपमध्ये राहत. मग हारानदा आमच्या कँपच्या ओव्हनपाशी गेले आणि त्याच्यावर तळहात टेकून उभे राहिले. हात भाजेपर्यंत काढला नाही.

पहिल्या सुट्टीला मी घरी आलो तेव्हा थंडी होती. जिन्यात खालून वास येत होता तो मोहरीच्या तेलाचा नव्हता, शेंगदाण्याच्या कुटाचा होता. काकीमांनी आईकडून खिचडी शिकून घेतली होती, बऱ्याच उशिरा. मला त्यांनी बसवलं, ताटली दिली, आणि त्या समोर बसल्या. निलूच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती.

"तो नापास झाला नसता तर तुझ्याबरोबर गेला असता," त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या. मग विचारलं. "त्याचा हात वाईट होता का, मधू?"

मी ट्रंकेतून फिल्म आणून त्यांना दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. एक्स-रे म्हटल्यावर त्या हाडं शोधत होत्या. मी बोटानं दाखवलं. "ही मधली पांढरी रेघ बघा. हा त्याचा हात. माझी अशी नाही. साहेबांनीही म्हटलं, असा हात त्यांनी फार थोड्यांचा पाहिलाय."

"आणि हे काळे?"

"ते ओलाव्याचे. रॉड ओले झाले होते. ओव्हन एक दिवस बंद होता."

"कुणी बंद केला?"

मी आयुष्यभर गोष्टी रंगवत आलो, तिथं एक गोष्ट नुसती अर्धी सांगितली. "विश्वकर्मा पूजा होती, काकीमा. त्या दिवशी सगळं बंद करतात."

त्यांनी पदराचं टोक फिल्मवर धरून काळे ठिपके झाकले. मधली रेघ तेवढी दिसत राहिली. 

"मग बरोबरच केलं," त्या म्हणाल्या. "यंत्रालाही एक दिवस हवा. मी निलूला लहानपणापासून सांगत आले."

खिचडीत मीठ कमी होतं. मी ताटली पुसून खाल्ली, आणि पुढे केली तेव्हा त्यांनी अजून वाढली.